जोत्याच्या बांधकामातील काँक्रीट ब्लॉक

जोत्याच्या बांधकामातील काँक्रीट ब्लॉक हे सिमेंट, बारीक खडी, कच किंवा वाळू आणि पाणी यांचे मिश्रण साच्यात दाबून तयार केलेले ठोकळे आहेत. घराच्या पायाच्या तळापासून जोत्याच्या माथ्यापर्यंतच्या भिंती बांधण्यासाठी त्यांचा वापर होतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत पूर्वी जोते दगडाचे, तर भिंती कुडाच्या, मातीच्या किंवा विटांच्या असत. घरकुल योजनांमधून स्वतः उभारल्या जाणाऱ्या लहान घरांमध्ये दगड व विटांच्या जोडीने काँक्रीट ब्लॉकही जोत्यासाठी वापरले जातात. एकमजली घराचा भार तुलनेने कमी असल्यामुळे ब्लॉकची निवड केवळ दाब सहन करण्याच्या ताकदीवर अवलंबून नसते. या अतिपावसाच्या प्रदेशात ब्लॉकची घनता, त्याचे पाणी शोषण्याचे प्रमाण, तो पाण्याखाली किती दिवस पक्व झाला आहे आणि तो कोणत्या जमिनीवर बसणार आहे, या बाबी अधिक निर्णायक ठरतात.

## संज्ञा

घराचा जमिनीखालील भाग 'पाया' आणि जमिनीपासून फरशीच्या पातळीपर्यंतचा भाग 'जोते' या नावाने ओळखला जातो. लहान घरात या दोन्ही भागांची भिंत सलग बांधली जाते. चराच्या तळाशी काँक्रीटचा थर टाकून त्यावर ती उभी केली जाते आणि जोत्याच्या माथ्यावर तिच्यावरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवला जातो.

बाजारात ब्लॉकची रुंदी इंचांत सांगण्याची पद्धत असून 'चार इंची', 'सहा इंची' आणि 'आठ इंची' हे प्रकार सर्वपरिचित आहेत. भरीव ठोकळ्याला 'सॉलिड ब्लॉक' आणि पोकळी असलेल्या ठोकळ्याला 'पोकळ ब्लॉक' किंवा 'हॉलो ब्लॉक' म्हणतात. हवेचे सूक्ष्म बुडबुडे असलेला, वाफेच्या दाबाखाली पक्व केलेला हलका ब्लॉक मुंबई-ठाणे परिसरात 'सिपोरेक्स' या व्यापारी नावाने ओळखला जातो; त्याचे तांत्रिक नाव एएसी ब्लॉक असे आहे.

पोकळ काँक्रीट ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचे एकस्व अमेरिकेत हार्मन पामर यांनी १९०० मध्ये मिळवले. एएसी ब्लॉकचा शोध १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये लागला.

## भौगोलिक पार्श्वभूमी

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी असलेले तालुके आहेत. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग जातो, तर मुरबाड तालुक्यातून कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा महामार्ग जातो. भातसा व काळू या येथील प्रमुख नद्या आहेत. तानसा, मोडकसागर आणि भातसा हे मुंबईला पाणी पुरवणारे जलाशय शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत.

येथील मूळ खडक बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत मातीचा थर पातळ असून थोड्या खोलीवर मुरूम लागतो. खोलगट भागातील भातखाचरांत मात्र चिकणमातीचे प्रमाण अधिक असलेली, पाणी धरून ठेवणारी माती आढळते. अशी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्यामुळे एकाच गावात डोंगराकडील पाड्यावरील घराचा पाया आणि खाचराच्या कडेला असलेल्या घराचा पाया यांच्या गरजा वेगळ्या असतात.

वार्षिक पाऊस साधारणतः २,५०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असून त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात जोत्याची भिंत बाहेरून पावसाच्या माऱ्याने आणि खालून जमिनीतील ओलीने सतत भिजत राहते.

ठाणे जिल्हा भारतीय मानक १८९३ (२०१६) नुसार भूकंपाच्या विभाग ३ मध्ये मोडतो. १९८३ मध्ये भातसा जलाशयाच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका नोंदवली गेली. तिच्यातील सर्वांत मोठ्या धक्क्याचे परिमाण ५ पेक्षा किंचित कमी होते. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका जाणवली. त्यामुळे या भागातील लहान घरांच्या जोत्यातही सळईयुक्त पट्टा आवश्यक मानला जातो.

## पारंपरिक जोते

या भागातील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजांच्या पारंपरिक घरांत लाकडी मेढी आणि कारवीच्या काठ्यांचा, शेणमातीने लिंपलेला कूड असे. भिंतीचे वजन अत्यल्प असल्यामुळे दगडमातीचा ठेचलेला ओटा जोत्याचे काम करीत असे. शेतकऱ्यांच्या मोठ्या घरांना डबराचे, म्हणजे ओबडधोबड फोडलेल्या काळ्या दगडाचे, दीड ते दोन फूट रुंद जोते बांधण्याची पद्धत होती. बेसाल्ट जवळपास पाणी शोषत नाही. म्हणून मातीच्या सांध्यांतील दगडी जोतीही अनेक दशके टिकली. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण हे या परिसरातील दगडी बांधकामाचे मोठे उदाहरण आहे.

विटांच्या वापराला मोठा सामाजिक संदर्भ आहे. शहापूर, मुरबाड, भिवंडी व कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. मालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे 'उचल', फेडण्यासाठी हंगामभर काम करण्याच्या पद्धतीतून वेठबिगारीची प्रकरणे पुढे आली. वेठबिगार पद्धत १९७६ च्या केंद्रीय कायद्याने रद्द करण्यात आली आहे. इतरांच्या घरांसाठी विटा पाडणाऱ्या अनेक कुटुंबांची स्वतःची घरे कुडाची राहिली. त्यांच्यापैकी अनेकांचे पहिले पक्के बांधकाम घरकुल योजनेतील जोते हेच असते.

## घरकुल योजना आणि स्वतः बांधलेले घर

इंदिरा आवास योजनेची पुनर्रचना करून २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू करण्यात आली. तिच्यात घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरवण्यात आले. सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये आणि डोंगराळ प्रदेशासाठी १,३०,००० रुपये साहाय्य निश्चित झाले. याशिवाय रोजगार हमी योजनेतून ९० ते ९५ दिवसांच्या अकुशल मजुरीची तरतूद आहे. अनुसूचित जमातींसाठी राज्य शासनाची शबरी आदिवासी घरकुल योजना आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या घरांसाठी २,००,००० रुपयांची तरतूद असून महाराष्ट्रातील कातकरी समाज या समूहांत मोडतो.

प्रधानमंत्री आवास योजनेत घर ठेकेदाराकडून बांधून न घेता लाभार्थ्याने स्वतः किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधणे अपेक्षित असते. रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार बँक खात्यात जमा होते आणि प्रत्येक टप्प्याची नोंद स्थळाच्या छायाचित्रासह होते. जोते हा त्यातील सुरुवातीचा टप्पा असल्यामुळे कुटुंबाच्या हाती सर्वांत कमी पैसा असताना घरातील सर्वांत महत्त्वाच्या साहित्याची निवड करावी लागते. भिंतीचा गिलावा किंवा छप्पर पुढे बदलता येते. जमिनीत गाडलेला ब्लॉक बदलणे व्यवहारतः शक्य नसते.

## प्रकार आणि मानके

भरीव व पोकळ काँक्रीट ब्लॉकसाठी भारतीय मानक २१८५ चा भाग १ (२००५) लागू आहे. एएसी ब्लॉकसाठी याच मानकाचा भाग ३ (१९८४) आणि ब्लॉकच्या बांधणीसाठी भारतीय मानक २५७२ (२००५) वापरले जाते. ज्या ठोकळ्यात एकूण आकारमानाच्या ५० ते ७५ टक्के घन पदार्थ असतो तो पोकळ ब्लॉक आणि ज्यात किमान ७५ टक्के असतो तो भरीव ब्लॉक, अशी मानकातील विभागणी आहे.

| प्रकार | मानकातील वर्ग | घनता (किलो प्रति घनमीटर) | जोत्यातील उपयोग |
|---|---|---|---|
| भरीव ब्लॉक | सी (५.०) आणि सी (४.०) | किमान १,८०० | योग्य |
| जड पोकळ ब्लॉक | ए (३.५) पासून पुढे | किमान १,५०० | पोकळ्या काँक्रीटने भरल्यास योग्य |
| मध्यम पोकळ ब्लॉक | बी (३.५) आणि बी (५.०) | १,१०० ते १,५०० | टाळणे इष्ट |
| एएसी ब्लॉक | स्वतंत्र मानक | साधारण ५५० ते ६५० | अयोग्य; जोत्यावरील भिंतींसाठी उपयुक्त |

वर्गाच्या कंसातील आकडा दाब सहन करण्याची सरासरी ताकद न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या एककात दर्शवतो. पाणी शोषण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे हे मानक सांगते. मिश्रणात सिमेंट फार अधिक असणेही अपेक्षित नाही: एक भाग सिमेंटला एकत्रित खडी-वाळूचे किमान सहा भाग असावेत, अशी मर्यादा आहे, कारण अतिसिमेंटाचा ब्लॉक वाळताना अधिक आकसतो व भिंतीला तडे जातात.

प्रचलित ब्लॉकची नाममात्र लांबी ४०० व उंची २०० मिलिमीटर असते. दरजेचे १० मिलिमीटर वजा जाता प्रत्यक्ष माप ३९० × १९० मिलिमीटर भरते. लांबीत ५ आणि उंची व रुंदीत ३ मिलिमीटरपर्यंतचा कमीअधिकपणा मान्य आहे.

## भार आणि ताकद

जोत्यासाठी किती ताकदीचा ब्लॉक लागतो, हे साध्या हिशेबाने समजू शकते. आठ इंची भरीव ब्लॉकच्या ३ मीटर उंच भिंतीचे वजन प्रत्येक मीटर लांबीला सुमारे १,२०० किलो भरते. ३ मीटर गाळ्यावरील काँक्रीटच्या स्लॅबचा बाहेरील भिंतीवर येणारा वाटा माणसांच्या वावरासह सुमारे ८५० किलो आणि १ मीटर उंच जोत्याच्या भिंतीचे स्वतःचे वजन सुमारे ४०० किलो असते. म्हणजे पायाच्या तळाशी दर मीटरला साधारण २,५०० किलो भार येतो. १९ सेंटिमीटर रुंद भिंतीवर हा दाब प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे १.३ किलो होतो.

सी (४.०) वर्गाचा ब्लॉक प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ४० किलो दाबाला फुटतो. मसाल्याचे सांधे, भिंतीतील वाकडेपणा आणि सुरक्षिततेचे अंतर लक्षात घेऊन बांधलेल्या भिंतीसाठी त्याच्या सुमारे एक दशांश ताकद गृहीत धरली जाते. तरीही ती प्रत्यक्ष दाबाच्या सुमारे तिप्पट राहते. घराला स्लॅबऐवजी कौले किंवा पत्रे असल्यास भार आणखी कमी होतो. ६० सेंटिमीटर रुंद तळावरून जमिनीवर येणारा दाब प्रति चौरस सेंटिमीटर अर्ध्या किलोहूनही कमी असतो आणि घट्ट मुरूम तो सहज पेलतो.

या हिशेबावरून मानकाप्रमाणे बनवलेला ब्लॉक एकमजली घराच्या भाराखाली चिरडण्याची शक्यता फार कमी असल्याचे दिसते. अशा घरांच्या जोत्याला तडे जाण्याची प्रमुख कारणे म्हणजे जमीन असमान खचणे, चिकणमाती फुगणे आणि ब्लॉकमध्ये पाणी मुरणे. म्हणूनच अधिक ताकदीच्या महागड्या ब्लॉकवर केलेला खर्च चर मुरुमापर्यंत खोल नेण्यावर किंवा जोत्याच्या पट्ट्यावर केल्यास त्याचा उपयोग अधिक होतो.

## पाणी आणि ओल

आठ इंची भरीव ब्लॉकचे कोरडे वजन सुमारे ३० किलो असते. त्याने १० टक्के पाणी शोषल्यास त्यात ३ लिटर पाणी साठते. सामान्य भाजक्या विटेसाठी भारतीय मानक १०७७ नुसार ही मर्यादा २० टक्के आहे. पाया आणि जोत्यात ब्लॉकला विटेपेक्षा पसंती देण्याचे हे मुख्य तांत्रिक कारण आहे. तथापि चांगली भाजलेली, खणखणीत वीट निकृष्ट, भुसभुशीत ब्लॉकपेक्षा सरस ठरते.

जमिनीतील पाणी सूक्ष्म छिद्रांमधून वर चढते. ते भिंतीच्या पृष्ठभागावर सुकताना क्षार मागे राहतात. त्यालाच 'लोणा लागणे' म्हणतात. ठाणे-भिवंडीकडील खाडीची रेती न धुता वापरली असल्यास तिच्यातील मिठामुळे हा त्रास वाढतो आणि पट्ट्यातील सळया गंजतात. दगडाच्या खाणीतून मिळणारी कच किंवा यंत्राने बनवलेली क्रश सँड यांत मीठ नसते. परंतु पिठासारखी भुकटी अधिक असल्यास ब्लॉक कमकुवत होतो.

एएसी ब्लॉक पाणी मोठ्या प्रमाणात शोषत असल्यामुळे त्याचा वापर जमिनीखाली केला जात नाही. पोकळ ब्लॉकच्या रिकाम्या पोकळ्यांमध्ये पावसाचे पाणी साचते, उंदीर व वाळवीला वाट मिळते आणि मातीच्या दाबाने पातळ कडा फुटू शकतात. त्यामुळे पाया व जोत्यात पोकळ ब्लॉक वापरताना पोकळ्या काँक्रीटने भरण्याची पद्धत आहे. भरण्याचा खर्च धरल्यास पोकळ ब्लॉकमुळे होणारी बचत बहुधा उरत नाही. कोपऱ्यांत उभ्या सळया टाकायच्या असल्यास मात्र पोकळ ब्लॉकचा फायदा होतो, कारण सळई पोकळीतून नेऊन तिच्याभोवती काँक्रीट भरता येते.

## डबर, वीट आणि ब्लॉक यांची तुलना

ज्या कुटुंबाच्या शेतात किंवा जवळच्या ओढ्यात चांगला काळा दगड उपलब्ध आहे आणि दगड बसवणारा कारागीर गावातच आहे, तेथे डबराचे जोते अजूनही सर्वांत टिकाऊ पर्याय आहे. दगड शोधून, फोडून आणण्यास कुटुंबाचे श्रम लागतात. पैसा कमी लागतो. मात्र अशा भिंतीची रुंदी सुमारे ४५ सेंटिमीटर ठेवावी लागते आणि तिच्यात मसाला बराच लागतो. मसाला वाचवण्यासाठी मधला भाग सुक्या दगडांनी भरल्यास भिंत दोन वेगळ्या पापुद्र्यांत विभागली जाते.

ब्लॉकची भिंत अरुंद असते, थर सरळ येतात आणि काम लवकर उरकते. आठ इंची एक ब्लॉक मानक आकाराच्या सुमारे आठ विटांची जागा व्यापतो. घराच्या सभासदांनी गवंड्याच्या हाताखाली काम करताना हे सोयीचे पडते. वजन ही त्याची मुख्य अडचण आहे. आठ इंची भरीव ब्लॉक सुमारे ३० किलो, सहा इंची सुमारे २२ किलो आणि चार इंची सुमारे १४ किलो वजनाचा असतो. ज्या पाड्यांपर्यंत टेम्पो पोहोचत नाही, तेथे शेवटचा टप्पा डोक्यावरून वाहून न्यावा लागतो. अशा ठिकाणी चार इंची ब्लॉकचे दोन पदर आडव्या बांधणीने एकमेकांत गुंतवून आठ इंची भिंत करता येते. पदर न गुंतवता केवळ शेजारी उभे केल्यास भिंत सुटी पडते.

## खरेदीपूर्वीची तपासणी

छापील वर्ग किंवा चाचणी अहवाल नसलेले ब्लॉक लहान कारखान्यांकडून घेतले जातात. अशा वेळी पुढील तपासण्या घरच्या साधनांनी करता येतात. त्या प्रयोगशाळेतील चाचणीला पर्याय नसून निकृष्ट माल वेगळा काढण्यापुरत्या उपयोगी आहेत.

* माप: ढिगातील वेगवेगळ्या जागचे दहा ब्लॉक मोजले जातात. उंची १९० ऐवजी १८० मिलिमीटर भरत असल्यास पाच थरांत ५ सेंटिमीटर उंची कमी पडते आणि ती जाड दरजांनी भरून काढावी लागते.
* वजन: आठ इंची भरीव ब्लॉक २५ किलोपेक्षा हलका असल्यास त्याची घनता मानकातील किमान मर्यादेखाली असते.
* पाणी शोषण: उन्हात पूर्ण वाळलेला ब्लॉक तोलून २४ तास पाण्यात बुडवला जातो आणि पुसून पुन्हा तोलला जातो. ३० किलोचा ब्लॉक ३३ किलोपेक्षा जड झाल्यास तो जोत्यासाठी नाकारला जातो.
* कडा व आवाज: खिळ्याने ओरखडल्यास कडा भुगा होऊन सुटू नये. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटल्यास बद्द आवाज येऊ नये.
* फोडलेला ब्लॉक: एक ब्लॉक फोडून आतील भाग पाहिला जातो. खडीभोवती मोकळ्या जागा दिसल्यास तो साच्यात नीट दाबलेला नसतो. मध्यभागाचा रंग व पोत कडांपेक्षा वेगळा असल्यास तो पुरेसा पक्व झालेला नसतो.
* तारीख: ब्लॉक कोणत्या दिवशी पाडला आणि त्यावर किती दिवस पाणी मारले, याची चौकशी केली जाते.

ठाणे-कल्याण परिसरातील साहित्य चाचणी प्रयोगशाळांत दाबाची चाचणी करून घेता येते. ३९० × १९० मिलिमीटरच्या ब्लॉकला ४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद सिद्ध करण्यासाठी सुमारे ३० टन भार पेलावा लागतो. एकाच पाड्यातील अनेक घरे एकत्र माल घेत असल्यास चाचणीचा खर्च वाटला जातो आणि कारखानदारही नमुन्याप्रमाणे माल देण्याबाबत अधिक सावध राहतो.

दराची तुलना प्रति नग न करता प्रति चौरस मीटर भिंतीनुसार केली जाते. वाहतूक, वाटेत फुटणारे नग आणि जाड दरजांसाठी लागणारे सिमेंट मिळवल्यावर स्वस्त वाटणारा ब्लॉक अनेकदा महाग ठरतो.

## पाणी मारणे आणि उन्हाळ्यातील टंचाई

सिमेंटला पूर्ण ताकद येण्यासाठी ब्लॉक किमान १४ दिवस सतत ओला ठेवणे आवश्यक असते. त्यानंतर तो सावलीत वाळवून मगच भिंतीत वापरला जातो, कारण ब्लॉकचे आकसणे भिंतीत बसण्यापूर्वी पुरे व्हावे लागते. पाडल्यापासून वापरापर्यंत साधारण चार आठवडे जावेत, असा व्यवहारातील नियम आहे.

शहापूर व मुरबाड तालुक्यांत हा नियम पाळणे ऋतुमानामुळे अवघड होते. पावसाळ्यापूर्वी जोते पूर्ण करण्यासाठी बांधकाम मार्च ते मे या महिन्यांत चालते आणि याच काळात अनेक गावे व पाडे टँकरच्या पाण्यावर अवलंबून असतात. मुंबईची तहान भागवणारे जलाशय तालुक्यात असूनही डोंगराळ पाड्यांवर पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते. अशा वेळी घराच्या जागेवरच ब्लॉक पाडल्यास त्यावर पुरेसे पाणी मारले जात नाही. म्हणून बोअरवेल किंवा हौदाची सोय असलेल्या कारखान्यात पूर्ण पक्व झालेले ब्लॉक विकत घेणे श्रेयस्कर मानले जाते. जागेवरच ब्लॉक पाडायचे असल्यास पावसाळा संपल्यावर, ओढ्या-विहिरींना पाणी असताना ते पाडून ठेवता येतात. ढिगावर पेंढा किंवा गोणपाट टाकून वर प्लास्टिकचा कागद अंथरल्यास कमी पाण्यात ओल टिकते.

## बांधणी

पायाचा चर नैसर्गिक जमिनीखाली किमान ५० सेंटिमीटर आणि शक्यतो घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदला जातो. तळ धुमसाने ठोकून १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर टाकला जातो. पाण्याच्या नळीने पातळी घेऊन पहिला थर अचूक बसवला जातो, कारण त्यातील चूक वरच्या प्रत्येक थरात वाढत जाते.

वीट बांधणीपूर्वी भिजवावी लागते. काँक्रीट ब्लॉक मात्र भिजवला जात नाही. भिजलेला ब्लॉक भिंतीत वाळताना आकसतो आणि उभ्या सांध्यात तडा जातो. विटांच्या कामाची सवय असलेल्या गवंड्यांना हा फरक आधी सांगणे आवश्यक असते. ब्लॉकची केवळ बसवायची बाजू किंचित ओलसर केली जाते. मसाला सामान्यतः १:६ आणि सतत ओल असलेल्या जमिनीत १:४ प्रमाणाचा असतो. दरज १० मिलिमीटर ठेवून उभ्या दरजा पूर्ण भरल्या जातात आणि लागोपाठच्या थरांत सांधेमोड केली जाते. बांधलेल्या भिंतीच्या मसाल्यावर पाणी शिंपडणे मात्र आवश्यक असते.

जोत्याच्या माथ्यावर सर्व भिंतींवरून सलग जाणारा सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा टाकला जातो. तो जमीन थोडीफार असमान खचल्यास घराला एकत्र बांधून ठेवतो आणि भूकंपातही उपयोगी पडतो. त्यावर ओलावारोधक थर दिल्यास जमिनीतील ओल वरच्या भिंतीत चढत नाही. जोते बाहेरील जमिनीपासून किमान ४५ ते ६० सेंटिमीटर उंच ठेवले जाते आणि भोवती पाणी बाहेर काढणारा उतार दिला जातो.

जोत्यातील भराव मुरुमाचा असावा व तो १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून ठोकला जावा. वरची भिंत उभी राहण्यापूर्वी जोत्याच्या भिंतीवर भार नसतो. अशा वेळी एकदम केलेला उंच भराव अरुंद भिंत बाहेर ढकलू शकतो. त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजूंनी शक्य तितकी समान भरणी केली जाते.

## जमिनीनुसार निवड

मुरूम असलेली वरकस जमीन: आठ इंची भरीव ब्लॉक आणि ६० सेंटिमीटर रुंद काँक्रीटचा तळ पुरेसा ठरतो.

भातखाचराची चिकणमाती: वरची फुगणारी माती काढून मुरुमापर्यंत जाणे हा पहिला उपाय आहे. मुरूम फार खोल असल्यास चर रुंद करून तळाशी व भिंतीच्या बाजूंना मुरूम किंवा वाळू भरली जाते आणि तळाशी व जोत्यावर असे दोन सळईयुक्त पट्टे दिले जातात. अशा जमिनीवर ब्लॉकचा वर्ग वाढवल्याने संरक्षण मिळत नाही.

डोंगरउतार: घराचा अर्धा भाग खोदलेल्या आणि अर्धा भरावाच्या जमिनीवर आल्यास दोन्हींच्या सांध्यावर तडा जातो. संपूर्ण पाया मूळ जमिनीत पायऱ्यापायऱ्यांनी नेला जातो. पायरीची उंची ब्लॉकच्या २० सेंटिमीटर थराच्या पटीत ठेवल्यास ब्लॉक तोडावे लागत नाहीत. उताराकडील जोते सुमारे १ मीटरपेक्षा उंच होत असल्यास आठ इंची भिंत मातीच्या दाबाला अपुरी पडू शकते. तेथे डबराची रुंद भिंत, दुप्पट जाडीची ब्लॉकची भिंत किंवा सळया टाकून भरलेले पोकळ ब्लॉक वापरले जातात.

## लागणाऱ्या ब्लॉकची संख्या

बाहेरून ६ × ५ मीटर असलेल्या आणि मध्ये एक आडवी भिंत असलेल्या घरात सुमारे २५ चौरस मीटर जागा मिळते. त्याच्या जोत्याच्या भिंतींची एकूण लांबी सुमारे २६ मीटर भरते. एका चौरस मीटर भिंतीला १२.५ ब्लॉक लागतात. पाच थरांच्या, म्हणजे १ मीटर उंच भिंतीसाठी ३२५ आणि फूटतूट धरून सुमारे ३४० ब्लॉक लागतात. त्यांचे वजन सुमारे १० टन होते. घराची लांबी-रुंदी आखतानाच २० सेंटिमीटरच्या पटीत ठेवल्यास तोडावे लागणारे ब्लॉक कमी होतात.

## मर्यादा

वरील हिशेब भिंतींवर आधारलेल्या एकमजली घरापुरते लागू होतात. पुढे मजला चढवायचा असल्यास, जागेत भराव टाकलेला असल्यास, जमिनीतून बारमाही पाझर असल्यास किंवा दरड कोसळण्याचा धोका असल्यास ब्लॉकच्या निवडीपूर्वी जागेचीच तपासणी अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. शासकीय घरकुलांच्या बाबतीत पंचायत समितीतील गृहनिर्माण अभियंता हा त्यासाठीचा जवळचा दुवा असतो. चर खोदून झाल्यावर आणि काँक्रीट टाकण्यापूर्वी त्याने केलेली पाहणी सर्वाधिक उपयोगी ठरते, कारण तोपर्यंत खोली, रुंदी आणि घराची जागाही बदलता येते.